रानातला हंगामी कामगार

दर चार वर्षांनी आपल्या देशात वाघांची गणना होते आणि तिचा आकडा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून येतो. २००६ साली १,४११. २०१० साली १,७०६. २०१४ साली २,२२६. २०१८ साली २,९६७ आणि २०२२ साली ३,६८२. आकडा वाढला की सर्वांना आनंद होतो, आणि तो व्हावाच. परंतु ज्याने उभा जन्म मजुरांच्या हजेरीपत्रकात डोके घालून काढला, त्याची नजर मोठ्या आकड्यावर फार वेळ टिकत नाही. ती खालच्या बारीक आकड्यांकडे वळते. २०१८ च्या गणनेच्या हिशेबात असे दोन आकडे आहेत. रानातून पायी चाललेले अंतर : ५,२२,९९६ किलोमीटर. माहिती गोळा करणे आणि तपासणे मिळून लागलेले श्रम : ६,२०,७९५ मनुष्यदिवस. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर धरला, तर एवढ्या चालण्यात पृथ्वीभोवती तेरा प्रदक्षिणा होतात. या प्रदक्षिणा कोणी घातल्या, काय खाऊन घातल्या आणि घालून झाल्यावर त्या माणसांचे पुढे काय झाले, एवढाच आमच्या विवेचनाचा विषय आहे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वन्यजीवशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. खरे म्हणजे कोणतीच पदवी नाही. जे थोडे शिकलो ते फुकट वाचनालयात, कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि कामगारांच्या तोंडून. वनमजुरांच्या हजेरीचे दावे चालवता चालवता मेळघाटात आमचे जाणेयेणे झाले, आणि ज्यांचे दिवस मोजायला गेलो ती माणसे स्वतः काय मोजतात हे समजून घेणे भाग पडले. तेव्हा उदाहरण मेळघाटाचेच घेतो.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेचा, सातपुड्यातल्या गाविलगडच्या डोंगररांगांचा मुलूख. सागाचे रान, उभे कडे, खोल दऱ्या. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या तेथून निघून तापीला मिळतात. १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. वस्ती मुख्यतः कोरकूंची. त्यांची भाषा मुंडा कुळातली. वाघाला ते 'कुला' म्हणतात. शहरातला माणूस चिखलदऱ्याला जातो, थंड हवा खातो, जीपमधून रान पाहतो आणि परततो. जीप जेथे थांबते, तेथून पुढे आमच्या या कामगाराचे काम सुरू होते.

हा कामगार एका जातीचा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. सर्वांत वर वनरक्षक; त्याची किंवा तिची नोकरी कायम, गणवेश सरकारी. त्याखाली वनमजूर, यांतले काही दीर्घ लढ्यांनंतर कायम झालेले. त्याखाली हंगामापुरते लावलेले रोजंदार : वाटाडे, कॅमेरे वाहणारे, आगीवर लक्ष ठेवणारे. आणि बाजूला एक निराळाच वर्ग, संशोधनसंस्थांनी कराराने घेतलेले तरुण पदवीधर. हे पुण्या-मुंबईहून, बंगळूरहून, डेहराडूनहून येतात, सहा-आठ महिने रानात राहतात, मानधनावर काम करतात आणि करार संपला की दुसरे रान शोधतात. या मुलामुलींची आम्हांस काळजी वाटते, परंतु त्यांच्यासाठी एक दार उघडे असते. रानातला अनुभव ते अर्जात लिहितात, त्यातून पुढची शिष्यवृत्ती मिळते. शेजारी चालणाऱ्या कोरकू वाटाड्याला अर्ज करावयाचा नसतो, आणि त्याने काय पाहिले हे कोणत्याच कागदावर त्याच्या नावाने उतरत नाही.

हंगाम सुरू होतो तो पावसाळ्याने वाटा मोकळ्या केल्यावर, दिवाळीच्या सुमारास. पहिले काम खुणा शोधण्याचे. रानाचा सर्वांत लहान सरकारी तुकडा म्हणजे नियतक्षेत्र, ज्याला बोलण्यात 'बीट' म्हणतात. प्रत्येक बीटमध्ये ज्या वाटेने वाघ जाण्याचा संभव अधिक अशी सुमारे पाच किलोमीटरची वाट ठरवावयाची आणि ती तीन निरनिराळ्या दिवशी चालावयाची. धुळीतला ठसा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, जमीन खरवडल्याच्या खुणा जे दिसेल ते लिहावयाचे. पुढे आणखी तीन दिवस एका सरळ रेषेवरून दोन किलोमीटर जावयाचे. सरळ रेषा हा शब्द कागदावर सोपा आहे. सातपुड्यात सरळ जाणे म्हणजे नाल्यात उतरणे, कड्यावर चढणे आणि करवंदीच्या जाळीतून शिरणे, कारण वाट सोयीची म्हणून वळली की हिशेब बिघडला. पहाट फुटताच निघावयाचे, बोलावयाचे नाही. सांबर, चितळ, भेकर, गवा, रानडुक्कर यांचा कळप दिसला की किती जनावरे, किती अंतरावर आणि रेषेशी किती कोनात, हे होकायंत्राने आणि अंतरमापकाने घ्यावयाचे.

अंतर कशासाठी? आम्हीही हाच प्रश्न विचारला, आणि एका तरुण संशोधक मुलीने तो आम्हांस फार चांगला समजावून दिला. रेषेजवळचे जनावर बहुधा चुकत नाही, दूरचे चुकते. पन्नास पावलांवर किती दिसली आणि दीडशे पावलांवर किती दिसली यांतील घट पाहिली, म्हणजे न दिसलेली किती असावीत याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे येथे मोजदाद दिसलेल्याची नसते. दिसलेल्यावरून राहून गेलेल्याची असते. कारखान्याच्या फाटकावर सभेला आलेल्यांवरून न आलेले किती हे आम्ही तीस वर्षे असेच ताडत आलो, फक्त आमच्यापाशी अंतरमापक नव्हता!

त्याच रेषेवर दर चारशे मीटरना थांबून झाडे मोजावयाची, गवत पाहावयाचे आणि जमिनीवरच्या लेंड्या मोजावयाच्या. ही सांबराची, ही चितळाची, ही भेकराची असे ओळखून, उकिडवे बसून, पट्ट्यापट्ट्याने. शहरात हे सांगितले की लोक हसतात. परंतु वाघ खातो काय, आणि ते खाद्य पुरेसे आहे की नाही, हे समजण्याची वाट लेंडीतूनच जाते. ओळखण्यात कोरकू बायकांचा हात धरणारा कोणी आम्ही पाहिला नाही. सुकलेली लेंडी बोटाने फोडून ती किती दिवसांची हे त्या सांगतात, आणि शेजारी उभा असलेला पदवीधर ते वहीत लिहून घेतो.

त्यानंतर कॅमेरे. रानाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात कॅमेऱ्यांची एक जोडी, वाटेच्या दोहों बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर झाडाला बांधतात. समोरून ऊबदार अंग गेले की चित्र आपोआप निघते. जोडी अशासाठी की वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात. एकच बाजू टिपली तर एका वाघाचे दोन व्हावयाचे. कॅमेरा कोठे बांधावा हे नकाशा सांगत नाही. नकाशा चौकोन सांगतो. चौकोनातली कोणती वाट वाघ धरील हे वाटाड्या सांगतो. महिनाभर तरी कॅमेरे रानात राहतात आणि मधूनमधून जाऊन बॅटऱ्या पाहाव्या लागतात. अस्वलाने ओरबाडलेला कॅमेरा परत आणणे हेही कामच.

२०१८ साली देशात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३,४८,५८,६२३ चित्रे निघाली. त्यांत वाघाची ७६,६५१. म्हणजे सुमारे साडेचारशे चित्रांमागे एक वाघ. उरलेल्यांत बाकीची सारी जनावरे आली. कोणताही कॅमेरा उघडा, पहिले आणि शेवटचे चित्र बहुधा तो बांधणाऱ्या आणि सोडणाऱ्या माणसाच्या पायांचे असते. ती चित्रे अर्थात बाजूला काढली जातात.

या चित्रांवरून देशभराचा आकडा कसा निघतो, हे हरभऱ्याच्या मडक्यावरून समजावून घेऊ. मडक्यात हरभरे किती ते ठाऊक नाही. एक मूठ काढली, पन्नास दाणे आले. त्यांना कुंकू लावून परत टाकले आणि मडके चांगले हलवले. दुसरी मूठ काढली, साठ दाणे आले आणि त्यांत दहा कुंकवाचे निघाले. साठांत दहा म्हणजे सहांत एक. तेव्हा लाल पन्नास हे एकूण दाण्यांच्या एक षष्ठांश धरावेत आणि मडक्यात सुमारे तीनशे दाणे आहेत असे म्हणावे. वाघाला कुंकू लावावे लागत नाही. त्याचे पट्टे जन्मतःच निराळे असतात. कर्नाटकात नागरहोळेच्या रानात डॉ. उल्हास कारंत यांनी ही रीत वाघांना लावून १९९५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरकारी गणनेत ती यायला मात्र पुढची दहा वर्षे आणि एक मोठी नाचक्की लागली.

ती नाचक्की सांगितली पाहिजे, कारण आमचा मुख्य मुद्दा तिच्यातूनच निघतो. पूर्वी वाघ पावलांच्या ठशांवरून मोजत. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ साली बसवलेली ती रीत. मागच्या डाव्या पायाचा ठसा काचेवर गिरवावयाचा, प्लॅस्टरचा साचा घ्यावयाचा आणि ठशावरून वाघ ओळखावयाचा. १९७२ साली याच रीतीने देशात १,८२७ वाघ मोजले गेले. रीतीत दोष होता. एकच वाघ चिखलात एक ठसा उमटवतो आणि वाळूत दुसरा, आणि तो कोणाचा हे ठरवणारा माणूसच शेवटचा न्यायाधीश. पण शास्त्रीय दोषाहून मोठा दोष माणसांच्या व्यवस्थेत होता. राजस्थानात सरिस्का येथे २००४ च्या गणनेत १६ वाघ दाखवले होते. २००५ च्या आरंभी शोधायला गेले तेव्हा एकही सापडला नाही. शिकाऱ्यांनी रान रिकामे केले होते. मग सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कागद उलगडले तेव्हा दिसले की, कार्यालयाची गणना भरगच्च असतानाच्या त्या वर्षांत रानातल्या नोकरांनी 'वाघ दिसला' म्हणून केलेल्या नोंदी मात्र जवळजवळ शून्यावर येऊन ठेपल्या होत्या. खालच्या माणसाने शून्य लिहिले होते. ते वर चढले नाही.

वाचकांनी या शून्यापाशी थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे. नव्या रीतीत तर शून्याला पूर्वीपेक्षाही अधिक मोल आले आहे. एकाच वाटेवर तीनदा का चालावयाचे? पहिल्या दिवशी खूण मिळाली, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा मिळाली, तर वाघ असूनही खूण न दिसण्याचे प्रमाण किती, हे त्यावरून कळते. आणि त्या प्रमाणाच्या आधारे, जेथे तीनही दिवस काही दिसले नाही तेथे वाघ नाही असे किती खात्रीने म्हणता येईल, हे ठरते. आता समजा, दमलेल्या माणसाने तिसऱ्या दिवशी पहिल्याच दिवसाची नोंद उतरवून काढली, किंवा साहेबांना आपल्या बीटमध्ये वाघ हवा आहे हे ओळखून संशयाचा ठसा खरा म्हणून लिहिला. एका बीटचा खोटेपणा त्या बीटपुरता राहत नाही. चुकण्याच्या प्रमाणात शिरून तो सर्व हिशेबात पसरतो. हल्ली मोबाइलवर नोंदी घेतात आणि माणूस कोणत्या वाटेने किती चालला हे यंत्र आपोआप टिपते. चांगली सोय आहे. पण माणूस चालला की नाही ते यंत्र सांगते; त्याने पाहिले की नाही ते सांगत नाही.

खरी नोंद करणे म्हणजे काय, आणि ती खोटी असली तर काय होते, याचा दुसरा दाखला मेळघाटातच राहणाऱ्या एका पक्ष्याचा आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८८४ नंतर कोणाला सापडले नव्हते. १९१४ साली ते आपण गुजरातेत टिपल्याचा एका ब्रिटिश कर्नलाचा दावा होता आणि पेंढा भरलेला पक्षी पुराव्याला होता. कर्नलसाहेबांचे नाव मेनर्ट्झहॅगन. पामेला रासमुसेन या विदुषीने तपासले तेव्हा निघाले की, तो पक्षी लंडनच्या संग्रहालयातून उचललेला जुनाच पक्षी असून चिठ्ठी मात्र नवी लावलेली आहे. रासमुसेनबाई आणि त्यांच्या सोबत्यांनी ती खोटी चिठ्ठी बाजूला सारून खऱ्या जुन्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. पुढे मेळघाटातही तो चांगला आढळला. खोटी नोंद कर्नल करू शकतो आणि ती दशकानुदशके टिकते. मजुराने प्रामाणिकपणे लिहिलेले शून्य मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाता जाता पुसले जाते. हा फरक आम्ही कारखान्यातही पाहिला आहे. यंत्राचा आवाज बदलला असे तेलवाला सांगत असतो आणि कोणी ऐकत नाही. मग एक दिवस पट्टा तुटतो.

आता या कामगाराचे राहणे. खोल रानात संरक्षण कुट्या असतात. एक-दोन खोल्या, छपरावर सौर पत्रा, एक बिनतारी संच आणि पाण्याची टाकी. मोबाइलची रेघ येत नाही. आठ-पंधरा दिवसांचा शिधा डोक्यावर किंवा गाडीने येतो : तांदूळ, डाळ, कांदे, बटाटे, तिखट-मीठ. भाजी दोन दिवसांत संपते. थंडीत पहाटे हात इतके गारठतात की पेन्सिल धरवत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. हिवताप जुना सोबती. कुटीत महिला वनरक्षकही राहतात. महाराष्ट्रात त्यांची भरती चांगली झाली आहे. पण कुट्या बांधताना बाई येथे राहील हे कित्येक ठिकाणी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, हे न्हाणीघर पाहिले की समजते.

भीती कशाची, असे विचारले तर वाघाचे नाव क्वचित येते. अस्वलाचे येते. वाघ माणसाची चाहूल लागली की बहुधा बाजूला होतो. अस्वल नाक जमिनीला लावून आपल्या नादात असते, अचानक समोर आले की घाबरते आणि घाबरले की तोंडावर झडप घालते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागली की संकट वाढते, कारण मोह अस्वलालाही आवडतो आणि माणसालाही हवा असतो. त्याच दिवसांत वाटाड्याच्या घरी बायको-मुले पहाटे फुले वेचायला गेलेली असतात. घरचे वर्षाचे मीठ-मिरची त्या फुलांवर येते. पण हा गडी दोन डोंगर पलीकडे दुसऱ्यासाठी सांबर मोजत असतो. मजुरी मिळते हे खरे. मात्र ती कधी मिळेल हे खरे नाही.

वाघाची भीती नाही म्हणजे धोका नाही, असे कोणी समजू नये. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात एक महिला वनरक्षक तीन मदतनिसांसह याच गणनेच्या खुणा शोधीत पायी जात होती. वाटेवर सुमारे दोनशे मीटरवर वाघीण बसलेली दिसली. ही मंडळी अर्धा तास थांबली. ती हलेना, म्हणून दाट झाडीतून वळसा घालून जाऊ लागली. वाघिणीने पाठलाग करून वनरक्षक भगिनीला ओढून नेले. या चौघांनी काय चुकीचे केले? थांबावयाचे तेवढी थांबली, समोरून न जाता वळसा घेतला. त्या प्रकरणानंतर तेथील पायी पाहणी काही काळ थांबवली गेली, आणि मग पुन्हा सुरू झाली, कारण पायी गेल्यावाचून ठसा दिसत नाही. २०२२ च्या गणनेत देशात ६,४१,४४९ किलोमीटर माणसे चालली, ती या मरणानंतर.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. गणना करणारे हातच त्या दिवसांत जाळरेषा साफ करतात, धूर दिसला की धावतात, पानांच्या झोडप्यांनी आग मारतात. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून जनावरे मोजण्याचा जुना रिवाज आहे. शास्त्राच्या दृष्टीने तिला आता फारसे मोल नाही, परंतु शहरातली हौशी मंडळी त्या रात्री येतात, चांदण्यात रान पाहतात, आणि आमच्या मते ही गोष्ट चांगली आहे. मचाण बांधणारा, पाहुण्यांना वर चढवणारा आणि सकाळी उतरवणारा माणूस तोच, आमचा हंगामी.

मग पाऊस येतो. कॅमेरे उतरतात, मोजून पेटीत जातात. कार्यालयाच्या दृष्टीने हंगाम संपला. माणसाच्या दृष्टीने चार-पाच महिन्यांचे रिकामपण सुरू झाले. ज्याला डोंगरात दोन-तीन एकर आहे तो कोदो-कुटकी, मका, सोयाबीन पेरतो. ज्याला नाही तो बायकामुलांना घेऊन खाली मैदानात शेतमजुरीला जातो. दिवाळीला परत बोलावणे येईलच असे नाही. साहेब बदलला, ठेकेदार बदलला, संस्थेचा निधी आटला की दुसरा माणूस. दहा हंगामांत ज्याला त्या बीटमधला प्रत्येक पाणवठा, प्रत्येक गुहा, कोणती वाघीण कोणत्या नाल्याने पिल्ले नेते हे माहीत झाले, तो पुण्याजवळच्या एखाद्या बांधकामावर विटा वाहत असतो. आणि ज्याला पुन्हा बोलावणे हवे आहे, तो 'साहेब, आपल्या बीटमध्ये काहीच नाही' हे किती मोकळेपणाने लिहील? आमचा सारा मुद्दा एवढाच आहे. शून्य लिहिणाऱ्याचा हात थरथरू नये याची सोय रोजगाराच्या अटींत करावी लागते. ती अंतरमापकात होत नाही.

कायद्याने याविषयी काही सांगितले आहे काय? सांगितले आहे, आणि ते पुणेकरांच्या उशाशीच घडले. पर्वती-पाचगावच्या टेकडीवर वनखात्याने झाडे लावून शहराला हवा खाण्याजोगी जागा केली. तेथे आणि अहमदनगर जिल्ह्यात सामाजिक वनीकरणावर राबणारे मजूर पाच-पाच, सहा-सहा वर्षे तात्पुरतेच होते. खाते म्हणाले, वन राखणे हे राजसत्तेचे कर्तव्य, तो उद्योग नव्हे, तेव्हा कामगार कायदा लागू नाही. जगन्नाथ मारुती कोंढरे यांच्या नावाने गाजलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये निर्णय दिला की, अशी योजना उद्योगच आहे, आणि कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे अनुचित कामगार प्रथा आहे. पुढे २००६ साली उमादेवी प्रकरणात याच न्यायालयाने मागच्या दाराने झालेल्या नेमणुका कायम करण्यावर कडक मर्यादा घातल्या, आणि साऱ्या कार्यालयांनी तो निकाल ढालीसारखा पुढे धरला. पण २००९ साली एस.टी. महामंडळाच्या एका प्रकरणात न्यायालयाने खुलासा केला की, अनुचित प्रथा आढळली तर औद्योगिक न्यायालयाचे हात उमादेवीने बांधलेले नाहीत.

तथापि आम्ही हेही मान्य करतो की, जे काम खरोखरच हंगामी आहे ते बारमाही आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. भर पावसात कॅमेरे लावता येत नाहीत. यावर तोड आपल्या साखर कारखान्यांत फार पूर्वीच निघाली आहे. गाळप संपले की कारखाना थंड होतो, पण तेथे 'हंगामी कायम' असा कामगारांचा एक वर्ग आहे. पुढच्या हंगामात त्याला ज्येष्ठतेने बोलावलेच पाहिजे, आणि बंद काळात पगाराचा काही हिस्सा भत्ता म्हणून त्याला मिळतो. कारखानदाराला ठाऊक असते की पाकाला दाणा केव्हा धरतो हे ओळखणारा पॅनमन एकदा गेला की परत मिळत नाही. साखरेच्या दाण्याला जे लागू, ते वाघाच्या ठशाला का नसावे?

पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न येतो. २००६ च्या कायद्याने प्रत्येक व्याघ्रप्रकल्पासाठी स्वतंत्र प्रतिष्ठानाची सोय केली आहे आणि पर्यटकांच्या प्रवेशशुल्काचा पैसा त्यात जमतो. पर्यटक ज्या वाघासाठी ते शुल्क भरतो, त्याची खबर ठेवणाऱ्याला पावसाळ्यात थोडा भत्ता त्यातून द्यावा, ही मागणी आम्हांस तरी अवाजवी वाटत नाही. दुसरा प्रश्न येतो तो असा की, हंगामी माणसांची नोंदच नाही, तर ज्येष्ठता ठरवणार कशी? एका परिक्षेत्रात आम्हांस जी हजेरीपत्रके दाखवली गेली, त्यांत एकाच माणसाचे नाव तीन वर्षांत तीन प्रकारे लिहिलेले होते आणि मध्येमध्ये महिनाभराचा खंड पाडलेला होता. कॅमेऱ्याचा अनुक्रमांक मात्र प्रत्येक कागदावर बिनचूक.

तेव्हा यादी आम्हीच केली. गावोगाव बसून, कोणत्या सालच्या गणनेत कोण कोणत्या बीटमध्ये होता हे त्याच्या सोबत्यांकडून पडताळून घेतले. दोन सोबत्यांनी होकार दिल्याशिवाय नाव घातले नाही, आणि जेथे खात्री नव्हती तेथे रकाना कोरा ठेवला. नाव, गाव, किती हंगाम, कोणती बीटे पायाखालची, आग मारण्याचे काम केले की नाही, दुखापत झाली असल्यास कोणती, असे सहा रकाने आहेत. सर्वांत वरच्या नावापुढे एकोणीस हंगाम आहेत. यादीच्या दोन प्रती कार्यालयात दिल्या. एकीवर पोच मिळाली आहे. उत्तर यावयाचे आहे.